उजवीकडून उघडणारं साप्ताहिक

न्युरेम्बर्गला मी ज्या इमारतीत राहते, तिच्या तळमजल्यावरचे आजोबा एकेकाळी अरबी साप्ताहिक काढत. मूळचे सीरियाचे. इथे आलेल्या अरबी कामगारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी चार कागदांचा, पिना मारलेला अंक ते जवळजवळ एकट्याने तयार करत. पहाटे रेडिओला कान लावायचा, दूरच्या स्टेशनांवरच्या बातम्या हाताने उतरवून घ्यायच्या आणि मग टाइप करायच्या. पुढे फॅक्स आला, काम सोपं झालं. मग बाल्कन्यांमध्ये डिश लागल्या, अरबी बातम्या दिवसभर घराघरात सुरू झाल्या आणि साप्ताहिकाचं मासिक झालं. शेवटी तेही बंद पडलं. आता तर सगळ्यांच्या बातम्या फोनवर. उरले होते ते आजोबांच्या केलरमधले, म्हणजे तळघरातले, गठ्ठे. दुसरीकडे कुठेही हे अंक नव्हते.

मागच्या हिवाळ्यात इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. पाइप बदलायचे होते, महिनाअखेरीपर्यंत तळघरं रिकामी हवी होती. आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रेहामध्ये, व्यायाम करून घेतात त्या केंद्रात होते. त्यांच्या एका खोलीच्या घरात गठ्ठे मावणार नव्हते. मी स्कॅन करते, असं मीच फोनवर सांगितलं. नसती उठाठेव करायची खोड माझी जुनीच. आठवडाभर ऑफिसात मशीनच्या चुका शोधून डोकं आंबलेलं असायचं, आणि शनिवार-रविवार मी गंजलेल्या पिना उचकटत बसायचे.

आजोबांनी एकच मागितलं होतं. "पहिलं पान तेवढं जपून घे. बाकी इकडची तिकडची माहिती असते."

म्हणून मी स्कॅनरला तसंच शिकवलं. अंकाचं पहिलं पान सावकाश, अगदी बारकाईने. बाकीची सात भराभर, हलक्या प्रतीची. अंक एकामागून एक यंत्रात घालत गेले. वर मोठी अक्षरं दिसली की पुढे. स्कॅन झालेले कागद मी जुन्या कागदांच्या डब्यात टाकत होते. डबा दर पंधरा दिवसांनी रिकामा होत होता.

आजोबा घरी आले तेव्हा मी लॅपटॉप घेऊन खाली गेले. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. त्यांनी एक अंक बघितला, दुसरा बघितला, दहावा बघितला. मग हळूच म्हणाले, "हे शेवटचं पान आहे, मुली."

अरबी अंक उजवीकडून उघडतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण हात सवयीने चालत राहिले. खाटकाच्या, विमान तिकिटांच्या, भाषांतरकाराच्या जाहिराती लखलखीत आल्या होत्या. बातम्यांची फिकट शाई मात्र पुसट होऊन करड्या डागांसारखी झाली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी इतरांना किती वेळा ऐकवली आहे. आजोबा माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत, त्यांनी चहा टाकला.

नंतर त्यांनीच मार्ग काढला. रोज संध्याकाळी एक पहिलं पान मी स्क्रीनवर मोठं करते. त्या डागांकडे बघत ते आठवतात आणि बातमीदाराच्या आवाजात वाचतात, मी फोनवर रेकॉर्ड करते. मला त्यातलं काही कळत नाही. ऑफिसातून आल्यावर डोळे मिटत असतात, तरी मी जाते. सुरुवातीला ते पानामागून पान सलग म्हणायचे. हल्ली मध्येच थांबतात.

काल एका पानापाशी ते स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले. रेकॉर्डिंग चालूच होतं. मग त्यांनी मला विचारलं, "इथे काय लिहिलं होतं मी?"