मे महिन्यातला फोन

मुलुंड पूर्वेच्या कुंदाताई टिपणीस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवर राज्य चालवायला शिकल्या, आणि पहिल्याच राज्याची त्यांनी अशी वाट लावली की त्यांचा मुलगा अनय कित्येक महिन्यांनी खळखळून हसला.

अनय पस्तीस वर्षांचा. अंधेरीच्या एका ऑफिसात बारा वर्षं तो दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासत होता. दिवाळीनंतर त्या ऑफिसने त्याचा अख्खा विभागच बंद केला, तेव्हा तिथली भाड्याची जागा सोडून, दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन तो घरी आला. ते काम त्याला कधी आवडलं नव्हतं, त्यामुळे ते गेल्याचं धड दुःखही त्याला करता येईना. सकाळी नोकरीचे अर्ज पाठवायचे, जेवायचं आणि दुपारभर डायनिंग टेबलाच्या कडेला बसून एक खेळ खेळायचा, एवढाच त्याचा दिवस. आईशी बोलणं म्हणजे भाजी वाढू का, तर हो किंवा नको.

“कुठला फोन आला का रे?” असं कुंदाताई अधूनमधून विचारत, आणि शब्द तोंडातून गेले की त्यांना जीभ चावावीशी वाटे. अठरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न अनय त्यांना रोज विचारत असे.

तेव्हा तो बारावीला होता. बारावीचं वर्ष म्हणजे घरात सुतक असल्यासारखंच. केबल कापलेली, लग्नकार्यांना जाणं बंद, आणि मॉनिटरची वायर कुंदाताईंनी काढून कुरडयांच्या डब्यात लपवलेली. कारण मुलगा तेव्हाही याच प्रकारचे खेळ खेळायचा. ओसाड जमिनीवर एक गाव वसवायचं, आपली चाल झाली की बाकीच्या राजांची, असं टर्नमागून टर्न करत दगडाच्या हत्यारांपासून अंतराळयानापर्यंत पोचायचं. फेब्रुवारीत, अनय प्रॅक्टिकलला गेलेला असताना घरचा फोन वाजला. असेच खेळ बनवणारी अंधेरीची एक छोटी कंपनी होती. बोलणारे गृहस्थ अदबशीर होते. अनयने त्यांना सोळा पानांचं पत्र पाठवलं होतं म्हणे. आमच्या खेळातल्या चुका काढणारे पुष्कळ भेटतात, हा मुलगा त्या दुरुस्त कशा करायच्या तेही लिहितो, सुट्टीत महिनाभर येऊन बसू दे त्याला आमच्यात, असं ते म्हणाले. कुंदाताईंनी परीक्षेचं सांगून फोन ठेवला.

मे महिन्यात त्याच गृहस्थांचा पुन्हा फोन आला. परीक्षा संपली होती. अनय आतल्या खोलीत आंबा चोखत बसला होता. कुंदाताई म्हणाल्या, तो गावाला गेलाय, तिकडूनच इंजिनीअरिंगला जाणार आहे, आता फोन करू नका.

पहिल्या फोनला परीक्षेचं कारण होतं. दुसऱ्याला भीतीखेरीज काहीच नव्हतं, पोरगं खेळाच्या नादी लागून फुकट जाईल ही भीती. मला कुणाचा फोन आला होता का, असं अनय जून उजाडेपर्यंत विचारत राहिला आणि त्या पोळ्या लाटता लाटता नाही म्हणत राहिल्या. पुढे त्याने विचारायचं सोडलं. हळूहळू बाकीचंही काही सांगायचं सोडलं. कुंदाताईंनी ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

आता मुलगा पुन्हा घरात होता. सांगायचं तर आताच, हे त्यांना पक्कं कळत होतं. पण अठरा वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढायला सुरुवात कुठून करणार? निदान त्या खेळात एवढं होतं तरी काय ते बघावं, म्हणून एका दुपारी ओटा आवरून त्या खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “मला शिकव.”

“तुला? हे?”

“का, मी काय जन्मभर कुकरच लावायचा?”

पहिल्या राज्यात कुंदाताईंनी एकच गाव वसवलं, त्याला मुलुंड नाव दिलं आणि ते सजवायला घेतलं. आधी देऊळ, मग आणखी एक देऊळ, मग एक अवाढव्य स्मारक, जे बांधायला साठ टर्न लागले. शेजारच्या राजाशी संबंध बरे राहावेत म्हणून त्या त्याला सारख्या भेटी पाठवत. स्मारकाचा कळस चढला आणि तो राजा तोफा घेऊन दारात उभा राहिला. कुंदाताईंच्या पदरी धनुष्यबाणवाला एक माणूस होता, तोही जंगल बघायला गेलेला. तेव्हा अनय हसला. इतका हसला की श्यामकांतराव, म्हणजे कुंदाताईंचे यजमान, पेपर ठेवून बघायला आले. “चाळीस वर्षं माझ्यावर राज्य केलंस,” ते म्हणाले, “त्याचा काही उपयोग झाला नाही वाटतं.”

मग अनयने शिकवायला घेतलं. कुंदाताईंना विचारावंही लागत नसे, एका गोष्टीतून तो दुसरीत शिरे. नवशिक्याने एकच वाट धरावी आणि ज्ञानाची वाट धरावी, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी पहिल्या पन्नासेक टर्नमध्ये चार-पाच गावं वसवून टाकायची, नदीकाठ बघून, कारण एका गावात हुशार माणसं भरून भरून किती भरणार. लिपी लवकर शिकायची. प्रत्येक गावात पहिली मोठी इमारत ग्रंथालयाची, देवळं मागाहून. आणि स्मारकं, असं कुंदाताईंनी जरा आशेने विचारलं, तर तो म्हणाला की नवशिके तिथेच अडकतात, तेवढ्या वेळात समोरचा तीन शाळा बांधून मोकळा होतो. कुठला शोध आधी लावायचा हे ठरवताना समोर दिसेल तो उचलायचा नाही. शेवटी यान हवंय ना, मग त्याला काय काय लागतं ते बघत मागे मागे यायचं. शेजाऱ्याला फुकटच्या भेटी देऊ नयेत, त्याच्याबरोबर मिळून संशोधनाचा करार करावा, आणि करार झाला तरी गावाला तटबंदी घालावी.

सगळ्यात महत्त्वाचं त्याने शेवटी सांगितलं. ज्ञान मिळालं की जिंकलो असं वाटतं, पण नुसत्या ज्ञानाने यान उडत नाही, त्याचे भाग घडवायला कारखाने लागतात. म्हणून निम्मा खेळ झाला की एक गाव निवडायचं आणि कारखाने, वीज, सगळं तिथेच ओतायचं. बोलताना त्याचे हात हलत. ते हात असे हलताना कुंदाताईंनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

दुसरं राज्य त्यांनी मन लावून केलं. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी अशी पाच गावं, पाचही गावांत ग्रंथालयं, कारखाने भांडुपला. श्यामकांतराव सकाळच्या चहालाच विचारत, विक्रोळीचं पाणी आलं का. दुपार झाली की आज सांगायचंच, असं ठरवून कुंदाताई खुर्चीत बसत. पण एखाद्या दिवशी अनय खुशीत असे, मग वाटे, आज नको. एखाद्या दिवशी मुलाखत फिसकटलेली असे, मग वाटे, आज तर नकोच. असा दीड महिना गेला.

यानाचे दोन भाग तयार झाले त्या दुपारी त्या कौतुकाने म्हणाल्या, “हे सगळं तुला सतराव्या वर्षी कळत होतं?”

“कळतंय असं वाटायचं.” अनय स्क्रीनकडेच बघत होता. “एका कंपनीला भलंमोठं पत्र लिहिलं होतं मी तेव्हा. इथलीच, अंधेरीची. वाटलं होतं, बोलावतील. त्यांनी साधी पोचसुद्धा दिली नाही. मग कळलं, आपण आपले खेळण्यापुरते ठीक. बरं झालं ना, लवकर कळलं ते.”

आपण मुलाची एक सुट्टी घेतली, फार तर एक संधी घेतली, असं कुंदाताई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. त्याने त्यातून स्वतःबद्दल काय ठरवून टाकलं असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपल्याला जमत नाही असं धरून तो दुसऱ्यांचं काम तपासत बसला होता, बारा वर्षं.

“त्यांनी फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “दोनदा.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. फेब्रुवारीचं सांगितलं, मे महिन्याचं सांगितलं, तो आत आंबा खात होता तेही सांगितलं. भीती वाटली होती हे सांगताना मात्र ते कारण त्यांना स्वतःलाच इतकं तोकडं वाटलं, की वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

अनयने स्क्रीनवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “काय म्हणाले होते ते? नक्की शब्द काय होते?”

“चुका काढणारे पुष्कळ भेटतात, हा त्या दुरुस्त कशा करायच्या तेही लिहितो, असं म्हणाले.”

“नाव काय त्यांचं?”

कुंदाताईंनी आठवून पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतंच. दारात येणाऱ्या मीठवाल्याचंसुद्धा नावगाव विचारणारी ही बाई, त्या माणसाशी दोनदा बोलली आणि नाव तिने विचारलं नाही. “मी विचारलं नाही रे,” त्या म्हणाल्या.

“आडनाव तरी?”

“तेही लक्षात नाही. तू पत्र लिहिलंस त्या कंपनीत विचारलं, तर...”

“ती कंपनी केव्हाच बंद झाली, आई. मला माणसाचं नाव हवं होतं.”

लॅपटॉप त्याने त्यांच्याकडे सरकवला, चपला घातल्या आणि तो खाली गेला. तो ओरडला असता, एखादा पेला आपटला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. तासाभराने तो परत आला तो कोथिंबीर घेऊन. सकाळी संपली म्हणून त्या स्वतःशीच बोलल्या होत्या.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, अबोलाही नाही. फेब्रुवारी संपता संपता अनयला साकीनाक्याला नोकरी लागली, पुन्हा तपासण्याचीच. तो घरातच राहतो, डबा नेतो, संध्याकाळी वडिलांच्या गोळ्या आणतो. रविवारी दुपारी कुंदाताई खेळायला बसल्या की तोही समोर बसतो. त्यांनी विचारलं तर सांगतो. फक्त विचारलं तेवढंच सांगतो. पूर्वी ग्रंथालयाचं विचारलं की तो लिपीवर, लिपीवरून कागदावर, कागदावरून छापखान्यावर जायचा. आता ग्रंथालय आधी की बाजार, असं विचारलं की ग्रंथालय, एवढं बोलून तो मोबाइलमध्ये बघतो.

भांडुपचं यान उडालं. कुंदाताईंनी ते एकटीने उडवलं, एका मंगळवारी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. संध्याकाळी सांगितलं तेव्हा अनय “छान” म्हणाला, आणि त्याने ते खोटं म्हटलं नव्हतं. त्यानंतर त्या आणखी तीनदा जिंकल्या आहेत. आता त्यांना शिकवण्यासारखं खरं तर काही उरलेलं नाही.

तरी आठवडाभर त्या रविवारसाठी प्रश्न काढून ठेवतात. एका शब्दात उत्तर देता येणार नाही असे प्रश्न. परवा त्यांनी विचारलं, “काय रे, डोंगराला खेटून गाव वसवलं की ज्ञान का वाढतं?” उत्तर त्यांना ठाऊक होतं.

अनयने मान वर केली. “वेधशाळा,” तो म्हणाला.

पुढे आणखी काही येतंय का, म्हणून कुंदाताई माउसवर हात ठेवून थांबल्या. तो पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला. मग त्यांनी बटण दाबून टर्न संपवला.