टीव्हीतल्या बाईसाठी लाडू

तीन महिन्यांसाठी परदेशी माझ्याकडे आलेली आई, कोव्हिडमुळे विमानं बंद झाली आणि माझ्या ग्लेन वेव्हर्लीच्या फ्लॅटमध्ये अडकली. मी बेडरूमचं दार लावून ऑफिसचं काम करायचे आणि ती बाहेर टीव्हीवर स्वयंपाकाची स्पर्धा बघायची. त्यातली एक पन्नाशीची बाई तिची फार लाडकी. वांगं थेट गॅसवर भाजते, नखरे नाहीत, हरली तरी ओटा पुसूनच जाते, असं आईचं प्रशस्तिपत्रक होतं. त्या बाईचं शहराच्या दुसऱ्या टोकाला सँडविचचं साधंसं दुकान होतं आणि टीव्हीमुळे ते एवढं गाजलं होतं की लोक लांबून येऊन रांगा लावायचे.

लॉकडाउनमधली, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे न जायची बंदी उठली तेव्हा मी म्हटलं, "चल, तुझ्या मैत्रिणीकडे जाऊ." मी थट्टाच करत होते. सकाळी बघते तर आई ठेवणीतली साडी नेसून तयार, आणि ओट्यावर बेसनाच्या लाडवांचा डबा.

"अगं, दुकान आहे ते."

"असू दे. कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं का?"

मी कपाळाला हात लावला, पण तिला अडवलं नाही.

दुकानात खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या, फक्त पार्सल चालू होतं. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरमागे ती बाई स्वतः उभी होती. मास्क असूनही आईने तिला डोळ्यांवरून ओळखलं आणि डबा पुढे केला. "फॉर यू. होममेड." एवढं ती रांगेत पुटपुटत पाठ करत होती.

बाई पटकन मागे सरकली. "ओह लव्ह, आय कान्ट. कोव्हिड रूल्स. सॉरी." आणि तिने आमच्या मागच्या माणसाकडे पाहिलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तरी मला तिचा राग आला. आईने डबा पिशवीत ठेवला.

गाडीत बसून आम्ही वांग्याचं सँडविच खाल्लं. "पाव छान आहे," आई म्हणाली, "पण भरीत आपलंच बरं." मग ती त्या बाईबद्दल सांगत बसली. नवरा गेल्यावर तिने दुकान काढलं, लेक पर्थला असते, उभं राहून गुडघा दुखतो.

"एवढं इंग्रजी तुला कळतं?" मी विचारलं.

"रोज कानावर पडलं की कळायला लागतं. घरात दिवसभर तिचाच तर आवाज असायचा."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, सँडविचच्या कागदाची घडी घालता घालता सांगितलं. तो अख्खा हिवाळा मी दाराआडून तिच्याशी बहुतेक एकच वाक्य बोलले होते. आई, टीव्हीचा आवाज कमी कर, माझी मीटिंग चालू आहे.

आणि ती लगेच कमी करायची.