शिळेपुढचा माणूस

मोहाडीकडच्या एका तलावाच्या पाळीवर जुनी कोरीव शिळा आहे. दरवर्षी मी विद्यापीठाची पोरं तिथं नेतो, वारशावर घसा कोरडा करतो आणि शेवटी ग्रुप फोटो काढतो. तेवढ्यात एक म्हातारा म्हशी सोडून लगबगीनं यायचा, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायचा आणि नेमका शिळेपुढे ताठ उभा राहायचा.

"बाबाजी, बाजूला व्हा. शिळा झाकली जाते."

"गोटा कुठी पयून जाते जी? तो पुढच्या सालीबी अठीच रायते. माहा काय भरोसा?"

पोरं हसायची. अहवालात त्याच्याच फोटोखाली छापून यायचं, 'प्राचीन शिळा'.

यंदा पाळीकडे बघत मी उगाच वेळ काढला. मग फोटो घेतला. शिळा अगदी स्वच्छ आली.