सशाचे पाय जमिनीला लागू नयेत!

आमच्या घरी कायदा एकदाच आला, आणि मी त्याला पोहे खाऊ घातले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही हवाई बेटांवर राहत होतो; हे तिथे डॉक्टर. ससा तिथला मूळचा नाही. बाहेरून आणलेला निसटला की भराभर वाढतो आणि रानातली झाडं फस्त करतो. म्हणून नियम असा, की ससा पाळा, पण जमिनीपासून उंच पिंजऱ्यात! मोकळा सापडला, तर दंड आणि ससा जप्त. आमच्या मीनलचा तर सगळा जीव बंड्या सशात. (तिच्या हट्टापायी त्याचं बारसंही झालं. घुगऱ्या मी केल्या, खाल्ल्या त्याने!)

एक दिवस तपासणीला साहेब आले. पिंजऱ्याची उंची मोजली, कडी हलवून पाहिली. "एव्हरीथिंग इज फाइन," म्हणाले आणि निघाले. निघालेच होते हो!

"असं कसं? चहा तरी घ्या!" मी म्हटलं.

"अगं, जाऊ दे ना त्यांना!" हे कुजबुजले.

"आई, प्लीज, डोन्ट!" मीनल.

पण साहेबांनी बूट दारातच काढले! (तिथे सगळेच काढतात, पण मला कोण कौतुक!) अशा माणसाला नुसत्या चहावर पाठवायचं? पोहे टाकले. परसात कोथिंबीर खुडली, दोन काड्या बंड्याला दिल्या, आणि धांदलीत कडी लावायची राहिली.

साहेब "नो, नो" म्हणत होते, मी वाढत होते. तिसऱ्या बशीनंतर ते दाराकडे जवळजवळ पळालेच.

त्यांच्या डाव्या बुटात बंड्या! ऐसपैस बसलेला, आणि बुटाची लेस शेवईसारखी तोंडात ओढत चाललेला.

मीनलने भोकाड पसरलं. साहेबांनी दंडाचं पुस्तक काढलं. "मॅडम, युवर रॅबिट इज लूज!"

"मोकळा कुठे?" घाबरून मी मराठीतच ओरडले. "नीट बघा! पाय जमिनीला लागलेत का? बुटात आहेत!"

मीनलने हुंदके देत भाषांतर केलं. साहेब बंड्याकडे बघतच राहिले, मग पोटातले पोहे हलेपर्यंत हसले. पुस्तक खिशात गेलं. "लास्ट वॉर्निंग!"

पण लेस खाल्लेल्या बुटाचं काय? मी आत धावले, हाताला लागलं ते आणून दिलं. साहेब माझ्या नेसत्या परकराची पांढरीशुभ्र नाडी बुटाला बांधून ऐटीत गाडीकडे गेले. घरात दुसरी नाडी नव्हती. मी एका हाताने निऱ्या घट्ट धरून, दुसऱ्या हाताने टाटा करत ओरडत होते, "पुढच्या वेळी जेवायलाच या हं!"