डब्यातला शेवटचा तुकडा

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात. हे एक वेगळं राहिलं, कारण ते मला बराच वेळ कळतच नव्हतं. श्रावणातला गुरुवार, पौर्णिमा तोंडावर. हजर: मी, माझा हवालदार, दोन पंच आणि एक संशयित. ताब्यात घेतलेला माल: फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा.

जागा म्हणजे सुरतच्या भरवस्तीतलं बंदिस्त स्टेडियम. दुपारी तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. मधल्या वेळात तिथले रोजचे कामगार लाकडी मैदानावर प्लायवूड अंथरून स्टेज उभारत होते. अशा गर्दीत नशेच्या गोळ्या विकल्या जातात, म्हणून आमचं लक्ष होतं. त्यातच गेटवरच्या सुरक्षारक्षकाने खबर दिली.

"साहब, वो प्लाईवाला डिब्बे से कुछ खिलाता है. कल मैंने मांगा, तो डिब्बा छाती से लगा लिया. खाली एक ही आदमी को देता है, खंभे के पीछे."

खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत आम्ही त्याला बसवलं. चाळिशीचा, डिंडोलीत राहणारा, मूळचा खानदेशचा. डब्यात एकच तपकिरी तुकडा होता.

"हे काय?"

"रोट शे साहेब. कानबाईचा."

कानबाई ही खानदेशी घरांतली श्रावणातली देवी; तिच्या मिरवणुकीचा बंदोबस्त मी अनेकदा केला होता. रोट हा तिचा गव्हाचा गोड प्रसाद, याहून जास्त मात्र काही ठाऊक नव्हतं.

"प्रसाद ना? मग दे एक घास."

"नाही."

"हवालदारांना?"

"घरच्या माणसाशिवाय कोणालाच चालत नाही, साहेब."

हवालदार म्हणाला, "घ्या! देवीच्या दारात पोलिसाला बंदी. माझी बायकोसुद्धा डबा एवढा जपत नाही."

"मग तूच खा आणि दाखव," मी म्हटलं.

"हा माझा नाही."

"कोणाचा?"

त्याने डब्यावर फडकं ओढलं. नमुना तपासणीला पाठवतो म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "पौर्णिमेआधी संपायला पाहिजे साहेब. मला आत टाका, पण याला परका हात लागू देऊ नका."

मी चक्रावलो. गुन्हेगार असता तर त्याने पुरावा केव्हाच गिळला असता. निर्दोष असेल तर नाव सांगायला काय हरकत? रीतीप्रमाणे ओळख पटवायला घरचा नंबर मागितला, तर त्याने हातच जोडले. "फोन आबा उचलतील, साहेब. माझे वडील."

तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. छताखालच्या लोखंडी चौकटीवर दिवे बांधणारा. कमरेचा पट्टा सोडायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"भाऊ, तू खाले काबर उतरना?" संशयित ओरडला.

"तुले पोलिसांनी धरं, मंग मी वर बशी राहू का?"

सख्खे भाऊ होते; दिवेवाला थोरला, प्लायवाला धाकटा. मग दोघांनी सगळं सांगितलं. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मोजून घेतात. थोरल्याने वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून वडिलांनी त्याच्या नावाचे गहू घेणं बंद केलं. गहू नाहीत म्हणजे तो घरचा नाही. यंदा वडिलांची पाठ वळताच धाकट्याने थोरल्याच्या नावाची मूठ गुपचूप घातली आणि त्याच्या वाट्याचा रोट रोज थोडा थोडा इथे आणला. आम्ही फोन केला असता, तर वडिलांना कळलं असतं आणि थोरल्याचं नाव दुसऱ्यांदा पुसलं गेलं असतं.

मी फोन खिशात ठेवला. थोरल्याने हात धुतले आणि तो तुकडा आम्हा सगळ्यांसमोर उभ्यानेच खाल्ला. खाताना त्याने कोणाकडे पाहिलं नाही. एक पंच उगाचच खिडकीशी गेला.

चौकशीत गप्प बसणारा गुन्हा लपवतो, असं मी मानत आलो होतो. तो कधीकधी एखादं माणूस राखत असतो, हे त्या दिवशी पाहिलं. तरी कोणतं मौन कशासाठी, हे मला पुढेही नेहमी ओळखता आलं असं नाही.

नोंद करताना मालाचं काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: डबा रिकामा, धाकट्यास परत. आतला ऐवज ज्याचा त्यास पोचला.