गॅस बंद केलाय ना?

आमचे काका जन्मभर मालाचा ट्रक चालवून दमले होते. आता खुर्चीतून हलायचं नाही, एवढंच त्यांचं स्वप्न. काकूंचं नेमकं उलटं. नवरा गावोगाव फिरला आणि आपण घर राखत बसलो, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन शोधून काढली. आत पलंग, ओटा, बेसिन, आणि इंजिन पेट्रोलवरून गॅसवर केलेलं. ती बघायला मलाही ओढून नेलं.

काका कसेबसे वाकले आणि पलंगाखाली डोकावले. गॅसची टाकी तिथेच बसवलेली होती.

"म्हणजे टाकीवर झोपायचं," ते म्हणाले.

"ट्रकमध्ये कुठे गादीवर झोपत होतात?" काकू म्हणाल्या.

खरं तर काकांना धास्ती टाकीची नव्हतीच. घराबाहेर पडलं की काकू कोपऱ्यावर थांबतात, "अहो, गॅस बंद केलाय ना?" म्हणतात, आणि काकांना पुन्हा सगळे जिने चढावे लागतात. त्यांचे गुडघे ट्रकने कमी आणि या प्रश्नाने जास्त झिजवलेत.

टाकीचा कॉक कुठे असतो ते काकूंनी विकणाऱ्याला विचारलं, स्वतः फिरवून पाहिला आणि खूश झाल्या.

"घेऊनच टाकू," त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो. फाटकाशी काकूंचे पाय थबकले.

"अहो, गॅस..."

"अजून आपली झालीसुद्धा नाही ती," काका म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून मागे वळले.