तात्यांचं तोंड पडद्यावर

माझे चुलते, आमचे तात्या, गावच्या नाटकात नायक सोडून सगळी कामं करायचे. फौजदार, सासू, आंधळा वैद्य. एकदा तर साखर कारखान्याचा चेअरमन असा उभा केला, की पुढच्या रांगेतले खरे संचालक एकमेकांकडे बघून हसायला लागले. दिवाळीच्या आगेमागे तात्या आणि काकू ऊसतोडीला निघायचे. मला मात्र त्यांनी कधी उसाच्या फडावर नेलं नाही, शिरूरच्या वसतिगृहात ठेवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या दोघांमुळे.

काकूंची एकच तक्रार असायची. "आवं, मिशा लावून, लुगडं नेसून इतकी सोंगं काढली. तुमचं सोताचं तोंड कुणी बघितलंय का?"

एका दुष्काळी वर्षी कारखाने लवकर बंद पडले आणि दोघं अर्ध्यातूनच घरी आले. त्याच सुमारास माजलगावकडे सिनेमाचं शूटिंग आलं. ऊसतोड्याच्या छोट्या कामासाठी तात्यांची निवड झाली. दाढी नाही, मिशी नाही. "आता दिसंल," काकू म्हणाल्या. मीही कॉलेज बुडवून सोबत गेलो.

विहिरीच्या पाण्यावर कसाबसा जगवलेला उसाचा एक तुकडा होता. दिग्दर्शकांनी सांगितलं, "चार ऊस तोडा आणि वर बघा." कॅमेरा सुरू झाला. तात्या वाकले ते वाकलेच. बुडात घाव, शेंड्याचं वाढं उडव, पाचट काढ, ऊस मागं टाक. मागून काकूही सवयीनं आत शिरल्या आणि मोळ्या बांधायला लागल्या.

"अहो बाई, बाजूला व्हा!"

"मग मोळी कोन बांधील?" काकूंनी मानही वर केली नाही.

त्यांना थांबवेपर्यंत नायकाच्या प्रसंगासाठी राखलेला ऊसही आडवा झाला होता आणि तात्यांची नुसती पाठ कॅमेऱ्यात गेली होती. "दुसरा माणूस बघा," दिग्दर्शक वैतागून म्हणाले. तात्यांनी कोयता पाचटाला पुसला आणि ते बाजूला सरकले. 

काकू पुढं झाल्या. "सायब, ह्यांच्या डोक्यावर मोळी देऊन तर बघा. मान वरच ऱ्हाती."

दिग्दर्शकांना हसू आलं. ट्रकला फळी लावली गेली आणि मोळी उचलून द्यायला काकूच उभ्या राहिल्या.

सिनेमा लागल्यावर आम्ही तिघं बीडला गेलो. डोक्यावर मोळी घेतलेले तात्या थेट आमच्याकडं बघत फळीवर चढले. काकूंनी उभं राहून माझा दंड गच्च धरला. "दिसलं गं बाई!"

"ओ मावशी, बसा की खाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "मोळी देताना तुझे नुसते हात आले. तोंड न्हाई आलं."

"हात तर माझेच व्हते न्हवं?"

तात्या पुढच्या खेळाच्या तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"आता पुन्हा कावून?" काकूंनी विचारलं.

"हात नीट बघायचे ऱ्हायले."